उन्हाळी लागते म्हणजे काय होते?

नाशिकरोड मागे टाकून बस एकलहऱ्याच्या दिशेने निघाली की लांबूनच औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी दिसू लागतात. या धुराड्यांच्या आसऱ्याने आपली कितीतरी कुटुंबे इथे वाढली. कोणी थर्मलमध्ये कायम झाला, कोणी ठेकेदाराकडे रोजंदारीवर राहिला, घरच्या बायका द्राक्षबागेत विरळणीला नाहीतर कांद्याच्या खळ्यावर जाऊ लागल्या. आमची धाकटी बहीण याच भागात राहते. तिची थोरली मुलगी, म्हणजे आमची भाची, नववीत आहे.

गेल्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत बहिणीचा निरोप आला. पोरीला थंडी वाजून ताप येतो आहे, उलट्या होत आहेत आणि पाठीत, बरगडीच्या खाली, एका अंगाला ठणका आहे. आम्ही पोहोचलो तोवर पोर इस्पितळात दाखल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की लघवीतला जंतू मूत्रपिंडापर्यंत चढला आहे. चार दिवसांपासून लघवीला आग होत होती, परंतु पोरीने ती कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आईला थोडेसे कळले तेव्हा आई म्हणाली, उन्हाळी लागली असेल, आणि धन्याचे पाणी करून दिले.

"दिवसभरात पाणी कधी पितेस?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

पोर आधी आईकडे, मग आमच्याकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "घरी आल्यावर."

सकाळी साडेनऊला घर सोडणारी मुलगी संध्याकाळी सहाला घरी येते. शाळेच्या मुतारीच्या दाराला कडी नाही आणि आत पाणी नाही. तेव्हा वर्गातल्या मुलींनी मिळून यावर उपाय शोधलेला, तो असा की पाणीच प्यायचे नाही. आमच्या बहिणीला यातले काही ठाऊक नव्हते. पाण्याची बाटली रोज दप्तरात जात होती आणि रोज भरलेलीच परत येत होती. ती भरलेली का येते, हे विचारायचे मात्र कोणाला सुचले नव्हते.

पुढच्या रविवारी विहारात बायका जमल्या होत्या. तिथे बहिणीने ही हकीकत सांगितली. आधी सगळ्या गप्प. मग एक मावशी बोलल्या, की बागेत सकाळी आठला गेले तर संध्याकाळपर्यंत आडोसा मिळत नाही, म्हणून त्या चहासुद्धा घेत नाहीत. एक वहिनी म्हणाल्या, वर्षातून तीन-चारदा त्यांना हा त्रास होतो आणि सासूबाई म्हणतात की तुझ्याच अंगात काहीतरी खोट आहे. एका आजींनी विचारले, "ताई, जंतू तर सगळीकडंच असतो म्हणता. मग तो एकीलाच का धरतो, आणि धुतला तरी जात का नाही?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या दिवशी नीट देता आले नाही. ते शोधून काढण्यासाठी आम्ही बरेच वाचन केले आणि माहीतगार डॉक्टरांना विचारले. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहोत. पुरुष वाचकांनीही हे पान उलटून टाकू नये. ते मुलींचे बाप आहेत आणि काही जण बागेचे मुकादमही आहेत.

जंतू येतो कोठून

प्रथम 'उन्हाळी' या शब्दाविषयी. आपल्या आज्या-पणज्या लघवीच्या जळजळीला उन्हाळी म्हणत आणि अंगातल्या उष्णतेने ती होते असे मानत. हे अगदीच खोटे नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटे जाते, लघवी कमी आणि दाट होते, मूत्राशय रिकामे करण्याच्या वेळा घटतात आणि मग त्रास होतो. निरीक्षण बरोबर होते, फक्त मधला एक इसम त्यांना दिसत नव्हता. तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच.

हा इसम म्हणजे ई. कोलाय नावाचा जिवाणू. थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात तो प्रथम पाहिला, त्याच्याच नावावरून हे नाव आले. लांबी इतकी की पाचशे जिवाणू एका रांगेत ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. तुमच्या-आमच्या, गरिबाच्या-श्रीमंताच्या, सगळ्यांच्या आतड्यात तो राहतो आणि तिथे बहुधा काही उपद्रव करत नाही. उपद्रव होतो तो त्याने जागा बदलली म्हणजे. लघवीच्या साध्या संसर्गापैकी दर चारांतले सुमारे तीन याच जिवाणूमुळे होतात.

स्त्रियांना हा त्रास अधिक का, याचे कारण शरीराच्या बांधणीत आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे वीस सेंटीमीटर लांब असतो, स्त्रीचा जेमतेम चार. शिवाय त्याचे तोंड शौचाच्या जागेपासून जवळ. लग्नानंतर काही जणींचा त्रास वाढतो, कारण संबंधाच्या वेळी जंतू आत ढकलला जातो. यात कोणाच्या चारित्र्याचा, कुळाचा किंवा अंगातल्या खोटीचा प्रश्न येत नाही. त्या वहिनींच्या सासूबाईंनी हे वाचावे अशी आमची फार इच्छा आहे. हा रोग भांड्याला हात लागून, शेजारी बसून किंवा एका ताटात जेवूनही लागत नाही.

परंतु आजींचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. जंतू आत शिरला, ठीक. मूत्राशय म्हणजे काही साचलेले डबके नव्हे. दिवसातून पाच-सात वेळा ते भरते आणि जोराने रिकामे होते. साधी धूळ असती तर पहिल्याच वेळेस वाहून गेली असती. मग हा जिवाणू वाहून का जात नाही?

आकडी आणि गाठ

थर्मलमधून निवृत्त झालेले एक भाऊ विहारात बसले होते. ते म्हणाले, आमच्याकडे यंत्र थंड करायला जे पाणी नळ्यांतून खेळवतात, त्या नळ्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो. त्याने एकदा का नळीचा पत्रा पकडला की नुसत्या पाण्याने निघत नाही, ब्रश घालून घासावे लागते, नाहीतर औषध सोडावे लागते. म्हणून खरी काळजी तो धरूच नये याची घ्यायची. पुस्तके चाळून आम्हाला जे कळले ते याहून फार वेगळे नाही.

ई. कोलायच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात, एकेका जिवाणूवर शेकडो. लांबीला ते कित्येकदा जिवाणूच्या अंगाएवढेच भरतात. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आला तेव्हा ते स्पष्ट दिसू लागले. स्कॉटलंडमधील डुगिड या शास्त्रज्ञाने १९५५ साली त्यांना 'फिम्ब्री' असे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झालर किंवा पदराच्या दशा. या प्रत्येक दशेच्या टोकाला प्रथिनाची एक लहानशी आकडी असते. तिला शास्त्रज्ञ 'फिम-एच' म्हणतात.

आता आपल्या बाजूला काय आहे ते पाहू. आपल्या शरीरातील पेशी बाहेरून गुळगुळीत नसतात. त्यांच्यावर नाना तऱ्हेच्या साखरांच्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. ही चहातली साखर नव्हे, आणि चहा सोडला म्हणून ती जाणारही नाही. पेशी एकमेकींना ओळखतात, एकमेकींशी जुळून राहतात, त्यात या साखळ्यांचा वाटा असतो. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर अशाच साखळ्यांच्या टोकाला मॅनोज नावाची साखर असते. फिम-एचची आकडी नेमकी मॅनोजवरच बसते. दुसऱ्या साखरेवर तिची पकड तशी बसत नाही. अघाड्याच्या झुडपाजवळून गेले तर त्याचे बी लुगड्याला धरते, पण स्टीलच्या डब्याला धरत नाही. पकडणारा आणि पकडला जाणारा, दोघेही जुळावे लागतात. १९७७ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी हे सोप्या प्रयोगाने दाखवले. जिवाणू आणि माणसाच्या पेशी एकत्र ठेवल्या तर जिवाणू चिकटले. त्यात आधीच सुटे मॅनोज घातले तर चिकटेनात, कारण त्यांच्या आकड्या सुट्या साखरेनेच भरून गेल्या होत्या.

एकीलाच का धरतो, या आजींच्या प्रश्नाचा काही भाग याच साखरांत आहे. आपला रक्तगट म्हणजेसुद्धा तांबड्या पेशीवरची साखर असते. ए गटाची एक, बी गटाची दुसरी, ओ गटात या दोन्ही नसतात. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसे आढळली की ज्यांच्या रक्तपेशींवर ओ गटाला लागणारी पायाची साखरसुद्धा नव्हती. आज सारे जग या गटाला 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखते. म्हणजे माणसामाणसांत या साखरांचा फरक असतो, आणि तो फरक जातीचा नव्हे. आता किडनीकडे येऊ. ई. कोलायच्या काही जातींकडे (इथे जात म्हणजे जिवाणूचा वाण) दुसऱ्या प्रकारची आकडी असते. तिला पी-फिम्ब्री म्हणतात. ती 'पी' रक्तगटाच्या साखरेवर बसते. ही साखर रक्तपेशींवर असते तशीच मूत्रपिंडाकडच्या अस्तरावरही असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे कॅथरीना स्वानबोर्ग यांनी १९७६ च्या सुमारास तपासून पाहिले तेव्हा आढळले, की मूत्रपिंडाचा आजार झालेल्या रुग्णांकडून मिळालेले जिवाणू मूत्रमार्गाच्या पेशींना जास्त चिकटत होते. ज्यांच्या लघवीत जंतू होते परंतु त्रास काहीच नव्हता, त्यांचे जिवाणू कमी चिकटत होते. आमच्या भाचीला चढला तो वाण कोणता हे कोणी तपासले नाही. साध्या इस्पितळात ते तपासतही नाहीत, कारण उपचार तोच असतो.

आता गंमत पाहा, म्हणजे आमच्या दृष्टीने गंमत, आजाऱ्याच्या दृष्टीने नव्हे. आम्हाला वाटत होते की लघवीचा जोर वाढला की आकडी सुटत असेल. २००२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवले की होते उलटे. प्रवाहाने जिवाणूला ओढले की फिम-एचची पकड आणखी घट्ट होते. घागरीच्या गळ्याला टाकलेली फासाची गाठ आठवा. दोर ढिला असेल तोवर ती सैल, आणि ओढले की आवळते. धार थांबली की पकड सैल होते आणि जिवाणू पुढे सरकून नवी जागा धरतो. अशा रीतीने तो वाहत्या पाण्यातही राहतो आणि साचलेल्या पाण्यात पसरतो.

तर मग पाणी पिऊन उपयोग काय, असे कोणी विचारील. आम्हीही विचारले. उत्तर असे की शरीराने नुसत्या जोरावर भिस्त ठेवलेली नाही. आपली मूत्रपिंडे युरोमोड्युलिन नावाचे एक प्रथिन सतत तयार करून लघवीत सोडतात. निरोगी माणसाच्या लघवीत सर्वांत जास्त असणारे प्रथिन हेच. टॅम आणि हॉर्सफॉल या दोघांनी १९५० साली ते वेगळे काढले. त्याचे लांबलचक धागे असतात आणि त्या धाग्यांवर मॅनोजच्याच साखळ्या लोंबत असतात. अस्तरावर बसायला निघालेली आकडी वाटेतच या धाग्यावर बसते. जिवाणूला वाटते घर मिळाले, आणि ते घर पुढच्या लघवीबरोबर संडासात जाते. त्याशिवाय मूत्राशयाचे अस्तर, जिवाणू फार चिकटले तर, वरच्या पेशींचा थरच सोडून देते. पण हे सगळे केव्हा? मूत्राशय रिकामे झाले तर. शरीराने जाळे टाकून मासे धरले आणि आपण जाळे वर ओढलेच नाही, तर काय उपयोग?

दिवसभर लघवी धरून ठेवण्याचा हिशोबही करून पाहू. चांगली सोय मिळाली तर हा जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. लघवीत तो सावकाश वाढतो असे समजून चाळीस मिनिटे धरू. आठ तासांच्या एका पाळीत बारा वेळा दुप्पट. म्हणजे सकाळी एक असेल तर संध्याकाळी ४,०९६. एवढ्यांना आठ तास अस्तर चाचपायला मोकळे रान. मध्ये तीनदा मूत्राशय रिकामे झाले असते तर हा हिशोब असा चढत गेला नसता.

एकदा नीट चिकटला की जिवाणू तिथेच थांबत नाही. चिकटलेल्या आकडीच्या आधाराने तो अस्तराच्या पेशीच्या आत शिरतो आणि तिथे गठ्ठ्याने वाढतो. उंदरांच्या मूत्राशयात हे २००३ च्या सुमारास दिसून आले, आणि पुढे आजारी स्त्रियांच्या लघवीत सुटून आलेल्या पेशींमध्येही असे गठ्ठे सापडले. पेशीच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत सगळी औषधे सारखी पोहोचत नाहीत. बरे वाटले, आग थांबली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच सुरू, असे ज्यांना होते त्यांच्या बाबतीत हे एक कारण असू शकते. म्हणूनच डॉक्टर जितक्या दिवसांचे औषध देतील तितके दिवस ते घ्यायचे. आपल्याकडे तीन गोळ्या घेऊन उरलेल्या डब्यात ठेवतात आणि जावेला त्रास झाला की तिला देतात. मेडिकलवाल्याला 'लघवीची गोळी द्या' म्हणून मागणाऱ्याही पुष्कळ. अशाने जंतू गोळीला सरावतो. ई. कोलायवर पूर्वी हमखास चालणारी कित्येक औषधे आज आपल्या देशात चालत नाहीत, ही डॉक्टरांची रोजची तक्रार आहे.

पाण्याविषयी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. वर्षात तीन किंवा अधिक वेळा हा त्रास झालेल्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे राहू दिले. वर्षभरात जास्त पाणी पिणाऱ्या गटात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले. दुसरा प्रयोग मॅनोजचा. सुटे मॅनोज दिले तर आकड्या भरून जातील, या विचाराने त्याची पूड बाजारात आली, आणि आपल्याकडेही ती महाग भावाने मिळते. इंग्लंड-वेल्समध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने ही पूड किंवा तशीच दिसणारी दुसरी पूड देऊन पाहिले. २०२४ साली निकाल आला, की मॅनोजने फारसा फरक पडला नाही. परीक्षानळीत जे घडते ते शरीरात घडेलच असे नाही. तेव्हा त्या डब्यावर मजुरीचे पैसे घालवू नयेत असे आमचे मत आहे. धन्या-जिऱ्याचे पाणी, जवाचे पाणी, सब्जा हे घ्यायला हरकत नाही. त्यात पाणी असते, आणि तेच कामाचे. मात्र ताप आल्यावर त्यावर विसंबू नये. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी पाणी किती वाढवावे हे डॉक्टरांना विचारावे.

कडी कोण लावणार

एवढे सगळे समजल्यावर आम्हाला एक गोष्ट फार खटकली. जंतूला धरायला वेळ मिळतो तो आपल्या लाजेमुळे, आणि लाज वाटते ती आडोसा नसल्यामुळे. बागेतल्या मावशींना आम्ही 'भरपूर पाणी प्या' असे सांगितले तर त्या विचारणार, "आणि मग जाऊ कुठं?" या प्रश्नाला डॉक्टरकीत उत्तर नाही.

मुंबईत १९८९ पासून चेंबूरच्या वस्त्यांतून काम करणाऱ्या 'कोरो' या संस्थेच्या बायांनी आणि इतर अनेक संघटनांनी मिळून २०११ मध्ये 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली. नाव ऐकून पुष्कळ जण हसले. त्यांचे म्हणणे साधे होते : सार्वजनिक मुतारीत पुरुष फुकट जातो, बाईकडून पैसे घेतात, आणि तिच्यासाठी जागाही थोड्या. या मोहिमेतील मुमताज शेख यांची २०१५ साली बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांत निवड केली. त्याच वर्षी डिसेंबरात 'मिळून साऱ्याजणी' या पुण्याच्या मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश महापालिकांना दिले. शाळांबाबत तर त्याआधीच, ३ ऑक्टोबर २०१२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळ्या स्वच्छतागृहासह सर्व सोयी करण्याचा हुकूम दिला होता. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात कलम १९ होते, आणि २०२० च्या श्रमसंहितेतही ही तरतूद ठेवली आहे. द्राक्षबाग काही कारखान्यात मोडत नाही. तिथे मुकादमाशी बोलणे आणि टोळीने मिळून बोलणे, एवढाच मार्ग आम्हाला दिसतो. चार बांबू, जुने ताडपत्रीचे कापड आणि एक बादली, याला बागाईतदाराला खर्च तो किती?

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. त्या पाण्याच्या वारस असलेल्या मुली दप्तरातली भरलेली बाटली तशीच घरी आणतात, हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही.

शाळेच्या बाबतीत पालकांच्या हातात एक साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीसाठी शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. ही समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असते आणि आपल्या बायकांचे नाव तिच्यात असेल तर सहीपुरते असते. सही करण्यापूर्वी मुतारी पाहून यावे.

आता घरी करायच्या गोष्टी. शौचानंतर पुढून मागे धुवावे, मागून पुढे नव्हे. मुलींना हे लहानपणीच शिकवावे. संबंधानंतर लघवी करून यावे. लघवीची भावना झाली की धरून ठेवू नये. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे. आग होत असेल, थेंब-थेंब होत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्यावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत. थंडी-ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, उलटी किंवा लघवीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर बाईने तर आग नसली तरी तपासणी चुकवू नये. तिच्या लघवीत जंतू त्रास न देताही असू शकतो आणि किडनीकडे लवकर चढतो. मधुमेह असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या आयांनीही वाट पाहू नये.

नमुना देण्याची रीत पुष्कळांना ठाऊक नसते. घरातली लोणच्याची नाहीतर औषधाची बाटली नेऊ नये, केंद्रातून मिळेल तीच घ्यावी. आधी जागा पाण्याने धुवावी, पहिली थोडी लघवी सोडून द्यावी, मधली बाटलीत धरावी आणि शक्य तो दोन तासांच्या आत पोहोचती करावी. औषध सुरू करण्याआधी नमुना दिला तर जंतू कोणता आणि कोणते औषध चालेल ते कळते.

आमची भाची आता बरी आहे. दहा दिवस गोळ्या घेतल्या, पुन्हा तपासणी झाली, जंतू नाही असे आले. बहिणीने आणि आणखी पाच-सहा आयांनी मिळून शाळेत जाऊन मुख्याध्यापकांची गाठ घेतली. पहिल्या वेळेस 'बघतो' असे उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळेस थर्मलमधल्या त्या निवृत्त भाऊंना सोबत नेले. त्यांनी खिशात कडी, स्क्रू आणि पेचकस आणला होता. मुख्याध्यापक पाहत असतानाच त्यांनी दोन्ही दारांना कड्या बसवल्या. पाण्यासाठी शाळेने एक ड्रम ठेवला आहे. नळ अजून आलेला नाही, त्यासाठी पुढच्या सोमवारी आयांना पुन्हा जायचे आहे.